यंत्राचा नंबर दुसरा

४९.४. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० सालच्या अहवालात बीड आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) या दोन जिल्ह्यांच्या एकत्रित नोंदणीपुढे, बायकांच्या रकान्यात, हा आकडा छापलेला आहे. एक लाख बायकांमागे वर्षाला कर्करोगाचे इतके नवे रुग्ण, वयाचा फरक हिशेबात धरून. अहवालात एकूण २८ नोंदण्या आहेत आणि त्यात हा आकडा सगळ्यात कमी आहे. अरुणाचल प्रदेशातल्या पापुम पारे जिल्ह्यात तोच २१९.८ आहे. पुरुषांच्या रकान्यातही बीड-उस्मानाबाद ३९.५ वर, म्हणजे तळालाच.

हे वाचून बीड जिल्ह्यातल्या आष्टीकरांनी सुटकेचा निःश्वास टाकावा का? घाई नको. नोंदणीत तोच रुग्ण येतो जो कुठल्या तरी दवाखान्यात पोचला, ज्याचा तुकडा तपासला गेला आणि ज्याचा कागद जपून ठेवला गेला. त्यामुळे या आकड्यापाशी न थांबता शेजारच्याच जिल्ह्यातले दुसरे आकडे बघायला हवेत. ते घरोघर जाऊन, नावनिशीवार गोळा केलेले आहेत. गर्भाशयमुखाच्या पेशींचे फोटो संगणकाकडून तपासून घेण्याची जी चर्चा सध्या सगळीकडे चालू आहे, तिचा निकाल लावण्याइतका मजकूर त्यात आहे. गंमत म्हणजे तो संगणकाबद्दल नाही.

आष्टीहून जामखेड, खर्डा मागे टाकलं की भूम तालुका लागतो. भूम, परांडा आणि बार्शी या तीन तालुक्यांतली ३४६ गावं धरून १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. केंद्र होतं बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल. डॉ. भगवान नेने आणि डॉ. कस्तुरी जयंत यांनी तिथे एक साधी गोष्ट ओळखली होती. खेड्यातला रुग्ण आपणहून नोंदीत येत नाही, नोंदणीच गावात न्यावी लागते. कार्यकर्ते गावोगाव फिरून लोकांशी बोलत, लक्षणं सांगत, संशयित रुग्णाला बार्शीला आणत. बायकांच्या कर्करोगांत तिथे पहिला नंबर गर्भाशयमुखाचा होता. या घडीवरच पुढे १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात एक मोठा प्रयोग उभा राहिला. बार्शीचं रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लियाँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो मिळून केला. एप्रिल २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आले आणि जगभरच्या तपासणीचं धोरण बदललं.

प्रयोगाची मांडणी अशी. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ धडधाकट बायका. गावांचे ५२ गट केले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते चार भागांत वाटले. एका भागातल्या ३४,१२६ बायकांसाठी गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे असणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी. दुसऱ्या भागातल्या ३२,०५८ जणींसाठी पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखावरच्या पेशी खरवडून स्लाइडवर पसरायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. तिसऱ्या भागातल्या ३४,०७४ जणींसाठी अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्या भागातल्या ३१,४८८ जणींना नेहमीचीच व्यवस्था, म्हणजे जवळपास काहीच नाही. तपासणी आयुष्यात एकदाच. पुढे आठ वर्षं पाठपुरावा.

चौथ्या गटात या काळात ११८ जणींना गर्भाशयमुखाचा कर्करोग निघाला. म्हणजे साधारण २६७ बायकांत एक. त्यातल्या ६४ दगावल्या. एखाद्या मध्यम गावात तिशी ते साठीच्या पाचशे बायका असतात असं धरलं, तर आठ वर्षांत दर गावामागे एक मृत्यू. ४९.४ हा आकडा वाचताना ही गोष्टही लक्षात असावी.

या चौथ्या गटावर पुढे बरीच टीका झाली आणि ती रास्त होती. असेच न तपासलेले गट मुंबई आणि तमिळनाडूतल्या दिंडिगलच्या प्रयोगांतही होते. तिन्ही मिळून १,३८,६२४ बायका, आणि त्यांच्यात किमान २५४ मृत्यू. कर्करोग आधी ओळखता येतो हे ठाऊक असताना कुणाला न तपासता नुसतं मोजत राहणं योग्य होतं का, हा वाद 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'मध्ये मांडला गेला आहे. मी तो इथे वाढवत नाही. मात्र पुढचे आकडे वापरताना त्यांची किंमत कुणी मोजली, हे विसरता येत नाही.

आता तुलना. एचपीव्ही गटात मृत्यू ३४, म्हणजे सुमारे हजारात एक. डोळ्यांनी पाहणी केलेल्या गटात ५६, सहाशेत एक. पॅप स्मिअरच्या गटात ५४, तेही जवळपास सहाशेत एक. काहीच न केलेल्या गटात पाचशेत एक. एचपीव्ही तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणले. बाकी दोन पद्धतींनी घट दिसली, पण ती योगायोगानेही येऊ शकेल इतकी लहान होती.

इथे कुणीही म्हणेल, खेड्यातल्या प्रयोगशाळेत पेशी नीट बघितल्या गेल्या नसतील. हाच तर संगणकवाल्यांचा मुद्दा. माणूस थकतो, चुकतो, यंत्र थकत नाही. पण बार्शीचा आणखी एक आकडा बघा. पहिल्या तपासणीत कर्करोगपूर्व तीव्र बदल कुणी किती पकडले? डोळ्यांच्या पाहणीने शंभरात ०.७, एचपीव्हीने ०.९ आणि पॅप स्मिअरने १.०. म्हणजे स्लाइड वाचणाऱ्यांनी आपलं काम चोख केलं होतं. पकडण्यात ते सर्वांत पुढे होते. बरं, उगाच घाबरवण्यात ते मागे होते. त्यांनी १०० पैकी ७ जणींना 'संशयित' ठरवलं, एचपीव्हीने १०.३ जणींना, डोळ्यांच्या पाहणीने १४ जणींना.

मग मृत्यू का नाही घटले? उत्तर 'सगळं ठीक आहे' असं सांगून घरी पाठवलेल्या बायकांत सापडतं. एचपीव्ही नसलेल्या बायकांत पुढे कर्करोग निघण्याचं प्रमाण लाखाला वर्षाकाठी ३.७ होतं. पॅप स्मिअर 'नॉर्मल' आलेल्यांत ते १५.५, चौपटीहून जास्त. स्लाइड त्या दिवशीची पेशी दाखवते. विषाणूची तपासणी पुढच्या दहा वर्षांचा धोका दाखवते. आयुष्यात एकदाच तपासायचं असेल, आणि आपल्याकडे बहुतेकींच्या वाट्याला तेवढंही येत नाही, तर हा फरक जीवघेणा ठरतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी कधीतरी गर्भाशयमुखाची तपासणी झालेल्या होत्या फक्त १.९ टक्के. तमिळनाडूने कष्ट घेतले, तिथे ९.८. पॅप स्मिअरवर विसंबून मृत्यू घटवलेल्या श्रीमंत देशांत ती दर तीन ते पाच वर्षांनी, आयुष्यात दहा-बारा वेळा होते. एका वेळी सुटलं ते पुढच्या वेळी सापडतं. आपल्याकडे पुढची वेळ येतच नाही.

तर यंत्राकडे वळू. ते नेमकं काय बघतं?

स्लाइडवरच्या निरोगी मधल्या थरातल्या पेशीचं केंद्रक साधारण ३५ चौरस मायक्रॉन असतं. व्यास सात मायक्रॉनहून थोडा कमी, म्हणजे लाल रक्तपेशीच्या जवळपास. ते या मापाच्या अडीच ते तीन पट झालं की तज्ज्ञ भुवई उंचावतो, तीन पटीहून मोठं झालं की कमी तीव्रतेचा बदल असं लिहितो. शिवाय केंद्रकाची कड वेडीवाकडी आहे का, रंग गडद झालाय का, भोवतालचा पेशीद्रव कमी झालाय का, हे तो बघतो. स्कॅनर हीच स्लाइड प्रत्येक ठिपका पाव मायक्रॉनचा ठेवून टिपतो. मग निरोगी केंद्रक ५६० ठिपक्यांचं, आणि तिप्पट झालेलं १,६८० ठिपक्यांचं. मोजायला अजिबात अवघड नाही. अवघड आहे तो पसारा. २० मिलिमीटर व्यासाचं पेशींचं वर्तुळ या बारकाईने टिपलं तर सुमारे ५०० कोटी ठिपके होतात आणि कच्चा फोटो १५ जीबीचा. त्यात जुन्या पद्धतीच्या स्लाइडवर किमान ८ ते १२ हजार पेशी नीट दिसल्या पाहिजेत असा स्मिअरचा निकाल लिहिण्याच्या बेथेस्डा पद्धतीचा नियम आहे. प्रत्यक्षात त्या लाखांतही असतात. आणि सगळ्यांत मिळून बिघडलेल्या पेशी कधी कधी पन्नाससुद्धा नसतात.

माणसाने हे सलग करावं किती? अमेरिकेत स्वस्त प्रयोगशाळांनी कामाच्या रेट्यात कर्करोग नजरेआड केल्याचं वॉल्टर बोगडॅनिच या पत्रकाराने १९८७ मध्ये उघड केलं. पुढच्याच वर्षी त्याला पुलित्झर मिळालं आणि कायदा झाला. एका तंत्रज्ञाने २४ तासांत १०० हून जास्त स्लाइड बघायच्या नाहीत, तेही आठ तासांपेक्षा कमी वेळात नाही. शिवाय 'नॉर्मल' ठरवलेल्यांतल्या किमान १० टक्के पुन्हा तपासायच्या. यंत्रं पहिल्यांदा या धाकातून बाजारात उतरली. तशी कल्पना जुनीच. पॅप स्मिअर ज्याच्या नावाने ओळखली जाते त्या पापानिकोलाऊचा ग्रंथ १९४३ चा, आणि १९५० च्या दशकातच अमेरिकेत 'सायटोअ‍ॅनलायझर' नावाचं यंत्र बांधून झालं होतं. ते फसलं, कारण एकावर एक चढलेल्या पेशी आणि पांढऱ्या पेशींचे पुंजके त्याला मोठं केंद्रक वाटत. पुढे जपानचं 'सायबेस्ट' आलं, १९९५ मध्ये 'पॅपनेट' आणि 'ऑटोपॅप' यांना परवानगी मिळाली, २००३ मध्ये 'थिनप्रेप इमेजर' आला. हा शेवटचा अजून बऱ्याच ठिकाणी चालतो आणि त्याची रीत मला पटते. तो निकाल देत नाही. स्लाइडवरच्या सगळ्यांत संशयास्पद २२ जागा निवडतो आणि माणसाला म्हणतो, एवढं बघ. त्यात वावगं दिसलं तर मग पूर्ण स्लाइड बघ.

या यंत्रांची कसोटी ब्रिटनमध्ये ७३,२६६ नमुन्यांवर लागली. 'मावारिक' नावाचा हा प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. काम ६० ते ८० टक्के अधिक वेगाने झालं खरं, पण तीव्र बदल पकडण्यात यंत्राच्या मदतीने वाचणारे, आधीच्या पद्धतीने वाचणाऱ्यांपेक्षा ८ टक्के मागे पडले. त्यानंतरच्या दशकात चित्रं ओळखायला शिकणारे संगणक आले आणि पारडं फिरलं. चीनच्या एका अभ्यासात ७,०३,१०३ बायका होत्या. त्यातल्या ९८,५४९ जणींच्या स्लाइड यंत्राने आणि माणसांनी स्वतंत्रपणे वाचल्या. ९४.७ टक्के स्लाइडवर दोघांचं मत जुळलं, आणि तीव्र बदल पकडण्यात यंत्राची जोड असलेली बाजू ५.८ टक्के सरस निघाली. केनियाच्या किनाऱ्यावरच्या ग्रामीण दवाखान्यात ७४० एचआयव्हीबाधित बायकांच्या स्लाइड छोट्या स्कॅनरवर टिपून मोबाइलच्या जाळ्यावरून पाठवल्या. तिथे यंत्राने बिघडलेल्या पेशी असलेल्या ९६ ते १०० टक्के स्लाइड पकडल्या, आणि बिघाड नसलेल्यांपैकी १५ ते २२ टक्के उगाच संशयित ठरवल्या. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या सी-डॅकने तिथल्या प्रादेशिक कर्करोग केंद्राबरोबर 'सर्व्हिस्कॅन' ही प्रणाली बांधली. बंगळूरच्या आयंद्रा कंपनीने स्लाइड रंगवण्यापासून वाचण्यापर्यंतचा संच केला. गुवाहाटीच्या संशोधकांनी ४६० रुग्णांच्या स्लाइडवरून ९६३ चित्रांचा खुला संग्रह दिला. तेव्हा यंत्र वाचू शकतं का, हा प्रश्न आता फारसा उरलेला नाही.

फक्त वर्तमानपत्रात '९८ टक्के अचूक' असा मथळा आला की थोडं थबकावं. या विषयातला सगळ्यात वापरला गेलेला संग्रह डेन्मार्कमधल्या हर्लेव रुग्णालयाचा. त्यात ९१७ पेशींची चित्रं आहेत. ६७५ बिघडलेल्या, २४२ निरोगी. डोळे मिटून प्रत्येक पेशीला 'बिघडलेली' म्हणणाऱ्या यंत्रालाही तिथे ७३.६ टक्के गुण मिळतील. उलट गावात जा. तिथे शंभरात एकच बाई आजारी. तिथे डोळे मिटून सगळ्यांना 'नॉर्मल' म्हणणारं यंत्र ९९ टक्के अचूक ठरेल, आणि एकही रुग्ण पकडणार नाही.

दुसरी अडचण यंत्राच्या अलीकडची आहे. पॅप स्मिअरमध्ये जे सुटतं त्यातला साधारण दोन-तृतीयांश भाग वाचणाऱ्याच्या चुकीने सुटत नाही. पेशी स्लाइडवर आलेलीच नसते. लाकडी चमचा नेमक्या जागी फिरला नाही, ब्रश आत गेला नाही, रक्त आणि स्राव जास्त होता. किंवा पेशी पसरल्यानंतर स्लाइड लगेच ९५ टक्के अल्कोहोलात बुडवली नाही. यात काही क्षणांचाच खेळ असतो. हवेत वाळलेली पेशी पसरते, तिचं केंद्रक फुगून फिकट होतं आणि ते तिप्पट झाल्यासारखं दिसू लागतं. एप्रिल-मे महिन्यात, फॅन फिरत असलेल्या खोलीत सिस्टरने एक स्लाइड बाजूला ठेवून केसपेपरवर नाव लिहायला घेतलं, तर नाव लिहून होईपर्यंत स्लाइड बिघडलेली असेल. पाच अब्ज ठिपके टिपणाऱ्या स्कॅनरचा त्यावर इलाज नाही.

आणि तिसरी गोष्ट बीडचीच आहे.

जून २०१९ मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितलं की बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या वेळी ८२,३०९ ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे १६.८ टक्के, सहात एक. याच सुमाराच्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांत देशाचं प्रमाण ३.२ टक्के होतं. वयोगट तंतोतंत एक नसले, तरी पाचपटीचा फरक तेवढ्याने भरून निघत नाही.

कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज इथून दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती नवरा-बायको मिळून एका कोयत्याच्या नावे. फडात खाडा पडला की पैसे कापले जातात. पाळी, पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवर चढणं, हे सगळं एकाच अंगावर. पण समितीपुढे आणि पत्रकारांपुढे बायकांनी आणखी एक कारण पुन्हा पुन्हा सांगितलं. डॉक्टर म्हणाले, पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल. या वाक्याला पुरावा म्हणून पेशींची तपासणी झालेली असायची का? बहुतेकींच्या हातात सोनोग्राफीचा कागद होता. सोनोग्राफीत गर्भाशयमुखाचा कर्करोगपूर्व बदल दिसत नाही. 'अंगावरून पांढरं जातं' म्हणून आलेली बाई अनेकदा गोळ्यांनी बरी होणारा जंतुसंसर्ग घेऊन आलेली असते.

म्हणून यंत्राचा गुण आष्टीत कशावर मोजायचा, याचा हिशेब मी जरा वेगळा मांडतो. आकडे सोयीसाठी गोल घेतले आहेत. तालुक्यातल्या तिशी ते साठीच्या १०,००० बायका धरू. बार्शीच्या अनुभवाप्रमाणे त्यातल्या शंभरात एकीला, म्हणजे १०० जणींना, तीव्र बदल असेल. यंत्र चांगलं आहे असं समजू. आजारी शंभरातल्या ९० पकडतं आणि निरोगी शंभरातल्या ९० जणींना बरोबर 'नॉर्मल' म्हणतं.

सगळ्यांच्या स्लाइड यंत्राखाली घातल्या, तर १०० पैकी ९० सापडतील. उरलेल्या ९,९०० निरोगी बायकांपैकी ९९० जणी संशयित ठरतील. एकूण १,०८० जणींच्या हातात 'दोष आहे' असं सांगणारा कागद, आणि त्यातल्या खऱ्या फक्त ९०. म्हणजे १२ कागदांतला एक. पुढची पायरी कॉल्पोस्कोपी, म्हणजे गर्भाशयमुख भिंगातून बघून गरज असेल तिथला तुकडा घेणं. जिथे त्याची सोय नाही आणि जिथे जवळच्या गावात ऑपरेशन थिएटर तयार आहे, तिथे या ९९० निरोगी बायकांचं काय होईल? बीडमध्ये हा प्रश्न काल्पनिक नाही. आजवर 'कॅन्सर होईल' हे तोंडी सांगितलं जायचं. आता ते संगणकाच्या छापील कागदावर, टक्केवारीसकट मिळेल.

त्याच हिशेबाची दुसरी बाजूही आहे, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. यंत्राने 'नॉर्मल' म्हटलेल्या ८,९२० जणींपैकी त्या वेळी आजारी असतील फक्त १०. ज्या बाईला कुणी पिशवी काढायला सांगतंय, तिच्या हातात हा कागद असणं ही मोठी गोष्ट आहे. रक्तस्राव थांबत नसेल तर कागद काहीही म्हणो, डॉक्टरांना दाखवलंच पाहिजे. पण 'ठेवली तर कॅन्सर होईल' या धाकाला उत्तर देण्याचं काम यंत्र माणसाइतकंच चांगलं करू शकतं. २०१९ नंतर बीडमध्ये खासगी दवाखान्याने गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी असा आदेश निघाला. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितली. परवानगीच्या त्या अर्जासोबत पेशी तपासणीचा निकाल जोडणं सक्तीचं केलं, तर यंत्राला एक नेमकं आणि उपयोगाचं काम मिळेल.

सरसकट तपासणीत मात्र यंत्राला पहिल्या नंबरवर उभं करू नये. बार्शीने दाखवलेल्या मार्गाने जाऊन बघू. त्याच १०,००० बायकांची आधी एचपीव्ही तपासणी करायची. तिचा नमुना बाईला स्वतःला घेता येतो, आशाताई घरी किट देऊ शकतात आणि नेमकी जागा खरवडण्याचं कौशल्य लागत नाही. १०.३ टक्क्यांच्या हिशेबाने १,०३० जणी पॉझिटिव्ह येतील. इथेही शंभरातल्या ९० आजारी सापडल्या असं धरू. आता फक्त या १,०३० जणींची स्लाइड घ्यायची आणि ती यंत्राला दाखवायची. ९० पैकी ८१ पकडल्या जातील. ९४० निरोगींपैकी ९४ उगाच अडकतील. कॉल्पोस्कोपीला जायचं किती जणींनी? १,०८० ऐवजी १७५. आणि त्यातल्या जवळपास निम्म्या खरोखर आजारी.

याची किंमत आहे आणि ती लपवू नये. पहिल्या रीतीत १० जणी सुटल्या होत्या, दुसरीत १९. पण त्यातल्या ९ जणींना विषाणू आहे हे आपल्याला ठाऊक आहे. त्यांची नावं यादीत आहेत आणि वर्षभराने त्यांनाच पुन्हा बोलवायचं आहे. पहिल्या रीतीतल्या १० जणी कुठल्याच यादीत नाहीत. शिवाय ९० टक्के हा आकडा मी दोन्हीकडे सारखाच धरला. प्रत्यक्षात बार्शीच्या ३.७ आणि १५.५ या आकड्यांनी दाखवलंय की 'नॉर्मल' या शब्दावर विषाणू तपासणीनंतर जितकं विसंबता येतं, तितकं स्लाइडनंतर येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ मध्ये एचपीव्ही तपासणी पहिली ठेवली, आणि पॉझिटिव्ह आलेल्यांच्या चाळणीसाठी पेशी बघणं हा एक पर्याय दिला. आपली २०१६ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं अजून दर पाच वर्षांनी डोळ्यांच्या पाहणीवर आहेत. मुंबईच्या वस्त्यांत तीच पाहणी दर दोन वर्षांनी, चार वेळा केल्यावर मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले होते. म्हणजे ती टाकाऊ नाही. पण चार वेळा तपासायला बाई चार वेळा सापडली पाहिजे.

ती कधी सापडते, हे आष्टीत साखर कारखान्यांचा हंगाम ठरवतो. टोळ्या परततात ते उन्हाळ्यात, आणि दसऱ्यानंतर पुन्हा निघतात. मे ते सप्टेंबर धरले तर हाती साधारण २० आठवडे. नमुना घेणं, निकाल येणं, पुन्हा बोलावणं, कॉल्पोस्कोपी आणि लागलेच तर उपचार, हे सगळं या २० आठवड्यांत बसलं पाहिजे. नाहीतर निकालाचा कागद येतो तेव्हा बाई कर्नाटकात किंवा पश्चिम महाराष्ट्रात फडावर असते. १,०८० जणींना कॉल्पोस्कोपी म्हणजे आठवड्याला ५४. एकीला पंधरा मिनिटं धरली तर साडेतेरा तास, एका डॉक्टरचे जवळपास दोन पूर्ण दिवस. १७५ जणींना म्हणजे आठवड्याला नऊ. सव्वादोन तास. बार्शीहून किंवा बीडच्या सिव्हिलहून डॉक्टर आठवड्यातून एका सकाळी आष्टीच्या ग्रामीण रुग्णालयात आले, तरी दुपारच्या जेवणाआधी हे काम उरकतं.